लंडन १९०८ : स्प्रिंगबोर्डवरचे ८५.५ गुण आज कसे वाचावेत

आपण आपल्या जलतरण संस्थेच्या भिंतीवर लावण्यासाठी डायव्हिंगच्या इतिहासाचा तक्ता करीत आहात आणि त्यात १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधील पुरुषांच्या स्प्रिंगबोर्ड स्पर्धेपाशी अडला आहात. आपल्याला मिळालेला निकाल असा : जर्मनीचा अल्बर्ट त्सुर्नर ८५.५, जर्मनीचाच कुर्ट बेरेन्स ८५.३ आणि तिसऱ्या स्थानावर जर्मनीचा गॉटलोब वाल्ट्स व अमेरिकेचा जॉर्ज गेडझिक हे दोघे प्रत्येकी ८०.८. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. दोन कांस्यपदके ही छपाईची चूक आहे का? आजचा विजेता पाचशेच्या वर गुण मिळवतो, मग ८५ गुणांचा विजेता कितपत कच्चा म्हणायचा? आणि चारांपैकी तीन पदके जर्मनीकडे गेली, तर तो देश या यादीतून पुढे नाहीसा कसा झाला? बोर्डाजवळ प्रशिक्षक म्हणून आणि पंचांच्या खुर्चीत बसून जे कळले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : निकाल बरोबर आहे. वाल्ट्स आणि गेडझिक यांचे गुण समान झाले आणि दोघांनाही कांस्यपदक मिळाले. यापूर्वी, १९०४ साली सेंट लुईसला, बरोबरीचे प्रकरण इतक्या समंजसपणे मिटले नव्हते. तेथे फ्रँक किहो हा अमेरिकन आणि आल्फ्रेड ब्राउनश्वायगर हा जर्मन तिसऱ्या स्थानावर बरोबरीत आले, पंचांनी निर्णायक उडी मारायला सांगितली आणि ब्राउनश्वायगरने ती मारायला साफ नकार दिला. आजच्या नोंदीत दोघांच्याही नावापुढे कांस्य दिसते. हे प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण त्यामागचे भांडण गुणमोजणीचेच होते आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. त्याकडे पुढे येतोच.

लंडनची स्पर्धा १४ ते १८ जुलै १९०८ या दिवसांत झाली. ऑलिंपिकमध्ये डायव्हिंग १९०४ पासून होते, तरी स्प्रिंगबोर्डची स्वतंत्र स्पर्धा लंडनलाच पहिल्यांदा झाली आणि तीही केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांना या बोर्डावर यायला १९२० उजाडावे लागले. स्पर्धेची जागा आज चमत्कारिक वाटेल. शेफर्ड्स बुश भागात नव्याने उभारलेल्या व्हाइट सिटी स्टेडियमच्या मधल्या मैदानात, धावपट्टीच्या आत, १०० मीटर लांबीचा उघडा तलाव बांधलेला होता. १८९६ साली पोहणाऱ्यांना समुद्र मिळाला होता, १९०० साली सेन नदी आणि १९०४ साली जत्रेच्या आवारातले तळे. त्या मानाने मापून बांधलेला तलाव ही मोठीच प्रगती होती. मात्र एकाच वेळी आजूबाजूला धावपटू धावत, पैलवान झुंजत आणि बाहेरच्या वळणावरून सायकली फिरत. उंच उड्यांसाठीचा मनोरा प्रेक्षकांच्या नजरेआड येऊ नये म्हणून तो कामापुरता उभा करीत आणि काम झाले की पाण्यात आडवा घालीत. ज्याने कधी बोर्डाच्या टोकावर उभे राहून मन एकाग्र करण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला या गजबजाटाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे बोर्ड. त्या काळचा स्प्रिंगबोर्ड म्हणजे एका बाजूला पक्की बसवलेली आणि मध्ये टेकूवर ठेवलेली लाकडी फळी. तिला लवचिकपणा होता, पण तो लाकडाचा होता : फळी वाकत असे आणि सरळ होताना थोडे उचलून देत असे. आज जगभर वापरला जाणारा बोर्ड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, टोकाकडे निमुळता होत जातो आणि त्याचा टेकू चाकाने पुढेमागे सरकवता येतो, त्यामुळे प्रत्येक डायव्हर आपल्या वजनाप्रमाणे व हर्डलच्या, म्हणजे बोर्डाच्या टोकावर घेतलेल्या शेवटच्या उसळीच्या, लयीप्रमाणे त्याची लवचिकता ठरवून घेतो. स्पर्धेच्या वेळी पाहिलेत तर लक्षात येईल की उडीआधी डायव्हर पायाने ते चाक फिरवतो, दोनदा तपासतो, मगच मागे जाऊन चालायला सुरुवात करतो. असा धातूचा बोर्ड ऑलिंपिकमध्ये १९६० साली, रोमला आला. म्हणजे १९०८चा डायव्हर आणि आजचा डायव्हर यांच्यात जे अंतर आहे, त्यातले निदान अर्धे तरी माणसांमधले नाही, त्यांच्या पायांखालच्या वस्तूमधले आहे.

हे नुसते म्हणण्यापुरते नको, हिशेब करून पाहू. समजा तीन मीटरच्या बोर्डावरून उडताना डायव्हरचा गुरुत्वमध्य पाण्यापासून साधारण चार मीटरवर आहे आणि हात पाण्याला टेकतात तेव्हा तो साधारण एक मीटरवर असतो. लाकडी फळीने त्याला अर्धा मीटर वर उचलले असे धरले, तर वर जायला सुमारे ०.३२ सेकंद आणि खाली यायला सुमारे ०.८५ सेकंद, मिळून १.१७ सेकंद हवेत मिळतात. धातूच्या बोर्डाने त्याच माणसाला सव्वा मीटर उचलले, तर हाच वेळ १.४४ सेकंदांच्या आसपास जातो. फरक पाव सेकंदाहून जरा जास्त. ऐकायला हा फरक किरकोळ आहे. पण घट्ट टकमध्ये, म्हणजे गुडघे छातीशी आवळून, शिरलेला चांगला डायव्हर सेकंदाला अडीच फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतो, त्यामुळे एवढ्या वेळात त्याची अर्ध्याहून अधिक कोलांटी होऊन जाते. शिवाय बोर्ड जितक्या जोराने परत येतो, तितकी फिरण्याची गतीही टेक-ऑफलाच, म्हणजे बोर्ड सोडतानाच, अधिक मिळते. दीड कोलांटीची उडी आणि साडेतीन कोलांट्यांची उडी यांच्यातला फरक या दोन गोष्टींनी बराचसा भरून निघतो. उरलेला भाग सरावाचा आहे.

मग ८५.५ या आकड्याचे काय करायचे? आजची पद्धत आधी पाहू, म्हणजे तुलना का बसत नाही ते स्पष्ट होईल. आज वैयक्तिक स्पर्धेत सात पंच शून्य ते दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने गुण देतात. सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन गुण काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज करतात आणि तिला त्या उडीच्या काठिण्यांकाने, म्हणजे आम्ही ज्याला नुसते डीडी म्हणतो त्याने, गुणतात. पुरुषांच्या अंतिम फेरीत अशा सहा उड्या असतात. तीन मीटरवर पुढची साडेतीन कोलांटी पाइकमध्ये, म्हणजे गुडघे सरळ ठेवून कमरेत वाकून, मारली तर डीडी ३.१ मिळतो, तीच साडेचार कोलांटी टकमध्ये मारली तर ३.८. आता एखाद्याने ३.४ डीडीची उडी मारली आणि उरलेल्या तिन्ही पंचांनी साडेआठ गुण दिले, तर बेरीज २५.५ आणि गुणाकार ८६.७. म्हणजे आजच्या एका उत्तम उडीचे गुण १९०८च्या सुवर्णपदकाच्या एकूण गुणांहून जास्त भरतात. पॅरिसला २०२४ साली चीनच्या शिए सीयी याने ५४३.६० गुणांनी सुवर्ण जिंकले, ते अशाच सहा उड्यांच्या जोरावर. लंडनमध्ये एक मीटर आणि तीन मीटर अशा दोन्ही बोर्डांवरून उड्या घेतल्या जात, उड्यांची यादी निराळी होती आणि गुण मोजण्याची रीतही निराळी होती. दोन्ही आकडे एका रकान्यात ठेवणे म्हणजे रुपये आणि आणे एका ओळीत मांडून बेरीज करण्यासारखे आहे. आपल्या तक्त्यात जर विजेत्यांच्या गुणांचा आलेख काढायचा बेत असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. बघणाऱ्याचा त्याने निव्वळ गैरसमज होईल.

गुणांची तुलना एकाच स्पर्धेतल्या डायव्हरांमध्ये मात्र अवश्य करता येते आणि तेथे या निकालात बरेच वाचण्यासारखे आहे. त्सुर्नर आणि बेरेन्स यांच्यात अंतर अवघे ०.२ गुणांचे; त्यानंतर एकदम साडेचार गुणांची दरी आणि तिच्यापलीकडे वाल्ट्स व गेडझिक. पंचाच्या नजरेने पाहिले तर पहिल्या दोघांची उडी मारण्याची जात एकच होती आणि त्यांच्यातला निकाल एखाद्या एन्ट्रीवर, म्हणजे पाण्यात शिरण्यावर, एखाद्या ताणलेल्या किंवा न ताणलेल्या पावलावर लागला असावा, असे म्हणायला हरकत नाही. वाल्ट्स काही साधा गडी नव्हता. १९०६ साली अथेन्सला, दोन ऑलिंपिकांच्या मध्ये झालेल्या स्पर्धेत उंचावरच्या उड्यांमध्ये तो पहिला आला होता. तरीही अठरा वर्षांचा त्सुर्नर त्याच्या पुष्कळ पुढे निघून गेला.

आता सेंट लुईसचे ते भांडण. तेथे जर्मन डायव्हर अमेरिकनांपेक्षा अवघड उड्या मारत होते. हवेत अधिक फिरत होते, पण पाण्यात शिरताना अंग पुरते सरळ होत नसे आणि कधी छातीवर, कधी तोंडावर पाणी आपटत असे. अमेरिकन पंचांना स्वच्छ एन्ट्री हवी होती; जर्मनांचे म्हणणे असे की उडीची परीक्षा हवेत व्हावी, पाण्यात कसे पडतो ते गौण आहे. जॉर्ज शेल्डन या यजमान शहराच्याच डायव्हरला पहिले स्थान मिळाले, गेऑर्ग हॉफमनला दुसरे, आणि जर्मनांनी निकालावर आक्षेप घेतला. पंच म्हणून माझा कौल शेल्डनच्या बाजूने आहे. उडी तीन तुकड्यांची असते, टेक-ऑफ, हवा आणि एन्ट्री, आणि शेवटचा तुकडा माफ केला तर मुटका मारणारा प्रत्येक धाडसी पोरगा डायव्हर ठरेल. पण जर्मनांच्या तक्रारीतही सत्यांश होता : अवघडपणाला मोल दिले नाही, तर कोणीही साध्या, सुरक्षित उडीपलीकडे जाणार नाही. आजचा डीडीचा गुणाकार ही या दोन मतांमधली तडजोडच आहे. एन्ट्री बिघडली तर पंचांचे गुण पडतात. उडी सोपी असली तर गुणाकार तोकडा पडतो. आजही अंतिम फेरीची यादी ठरवताना प्रशिक्षकाला जो प्रश्न सोडवावा लागतो, डीडी वाढवायचा की सफाई राखायची, तो नेमका तोच आहे.

अवघडपणाची त्या काळची हद्द कोठे होती, हे लंडनमधल्याच एका प्रसंगावरून कळते. तो स्प्रिंगबोर्डवरचा नाही, उंच मनोऱ्यावरचा आहे, पण त्याच तलावातला. ब्रिटनच्या जॉर्ज केनने दुहेरी कोलांटीचा प्रयत्न केला, तो पाण्यावर आडवा आपटला आणि बेशुद्ध झाला. स्वीडनच्या ह्यालमार योहान्सनने पाण्यात उडी घेऊन त्याला वाचवले. पुढे त्याच मनोऱ्यावरची स्पर्धा योहान्सननेच जिंकली. आज दुहेरी कोलांटी शाळकरी मुले-मुली मारतात, ती १९०८च्या डायव्हरांहून जास्त धीट असतात म्हणून मारीत नाहीत. आधी ती कमरेला पट्टा बांधून, दोर प्रशिक्षकाच्या हाती देऊन, ट्रॅम्पोलिनवर शेकडो वेळा फिरतात. मग फोमच्या खड्ड्यात. मग जेथे सोय असेल तेथे तलावाच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडून मऊ केलेल्या पाण्यावर. चुकीची किंमत कमी झाल्यावर चुका करून शिकता येते. केनच्या पिढीला पहिला प्रयोगही पाण्यावरच करावा लागे आणि दहा मीटरवरून पाण्यावर आडवे पडणे काय असते, ते मी येथे वर्णन करीत नाही.

एन्ट्रीच्या तंत्रातही एक मोठा बदल पुढे झाला, तो लक्षात ठेवावा. जुनी छायाचित्रे पाहिलीत तर बोटांची टोके पुढे आणि तळवे जुळवून पाणी कापण्याकडे कल दिसतो. आजचा डायव्हर एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे पकडतो, तळवा पाण्याला सपाट देतो आणि पाण्याखाली जाताच हात बाजूला फाकवतो. त्याने तयार झालेल्या पोकळीत बाकीचे अंग शिरते आणि पाणी जवळजवळ उडत नाही. आम्ही तिला रिप एन्ट्री म्हणतो. म्हणून त्सुर्नरच्या उडीचे चलच्चित्र कोठे हाती लागले आणि त्यात पाण्याचा फवारा दिसला, तर त्यावरून त्याला कच्चा ठरवू नये. आणखी एक बारीक गोष्ट : आज डायव्हिंगच्या पाण्याचा पृष्ठभाग मुद्दाम हलता ठेवतात, त्यावर फवारा मारतात किंवा हवा सोडतात, कारण स्थिर पाण्याचा पृष्ठभाग वरून नीट दिसत नाही आणि डायव्हरचा अंगाची घडी उघडण्याचा क्षण हुकतो.

तिसरा प्रश्न जर्मनीचा. तेथे डायव्हिंग हे पोहण्याचे नाही, जिम्नॅस्टिक्सचे अपत्य होते. फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ साली बर्लिनच्या हाझेनहाइडे मैदानावर उघड्यावरची व्यायामशाळा सुरू केली, त्यातून जर्मनीत गावोगाव व्यायाम मंडळे झाली. उन्हाळ्यात याच मंडळांतली मंडळी आपली साधने पाण्याच्या काठावर नेत आणि गादीऐवजी पाण्यावर उतरत. हाले शहरातल्या मीठ शिजवणाऱ्या कारागिरांच्या पोहण्याच्या आणि उड्यांच्या कसरतींची ख्याती तर त्याही आधीची. त्यामुळे कोलांटी, पिळा आणि अंग ताणून धरणे हे जर्मन मुलाच्या अंगात पाण्याशी संबंध येण्याआधीच मुरलेले असे. ब्रिटनमध्ये याउलट साध्या सरळ सुराची परंपरा होती. तेथे कसरतीच्या उड्यांची गोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडिश डायव्हरांनी केलेल्या प्रात्यक्षिकांमुळे लागली. स्वीडनमध्येही जिम्नॅस्टिक्सचा पाया पक्का होता, पण त्यांचा जीव उंच मनोऱ्यावर अधिक. लंडनचा निकाल याच वाटणीप्रमाणे लागला : स्प्रिंगबोर्डवर जर्मन, आणि मनोऱ्यावर योहान्सन, माल्मस्ट्रोम व स्पँगबर्ग हे तिन्ही स्वीडिश.

१९१२ साली स्टॉकहोमला जर्मनांनी याहून वरताण केली. पाउल ग्युंटर, हान्स लुबर आणि बेरेन्स यांनी तिन्ही पदके नेली आणि त्सुर्नर चौथा आला. मनोऱ्यावर मात्र त्याने रौप्य मिळवले. त्यानंतर १९१६चे बर्लिन ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही आणि १९२० व १९२४ साली जर्मनीला बोलावणेच नव्हते. त्सुर्नर १९२० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॅम्बुर्गमध्ये उडी मारताना झालेल्या अपघातानंतर वारला. जर्मनी परतला तोवर जागा भरली होती. १९२० पासून १९६८ पर्यंत पुरुषांच्या तीन मीटरचे प्रत्येक सुवर्ण अमेरिकेने जिंकले. १९७२ साली सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर वासिनने ती साखळी तोडली. ग्युंटरनंतर या वैयक्तिक स्पर्धेचे सुवर्ण जर्मनीला आजतागायत मिळालेले नाही. युद्धाने एक पिढी गेली हे एक कारण. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण असे की अमेरिकेतल्या महाविद्यालयांकडे वर्षभर वापरता येतील असे बंदिस्त तलाव होते, आणि पुढे ट्रॅम्पोलिनही तेथेच आकाराला आले. जर्मनांचा वरचष्मा उन्हाळी सरावाच्या काळातला होता. बारमाही सराव सुरू झाल्यावर तो टिकणे अवघड होते. पुढे चीनने हेच सूत्र आणखी लहान वयापासून राबवले.

आपल्या तक्त्यात भारताचा रकाना असावा असे आपण लिहिले आहे. तेथे १९५१च्या नवी दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेची नोंद अवश्य घ्यावी : पुरुषांच्या स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म (म्हणजे उंच मनोरा) या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके भारताच्या के. पी. ठक्कर यांनी जिंकली. भारताच्या त्या वर्षीच्या पंधरा सुवर्णपदकांमध्ये ही दोन आहेत आणि तरीही आपल्याकडच्या तलावांवर शिकणाऱ्या मुलांना हे नाव सांगावे लागते.

तक्ता लिहिताना एवढे पाहावे. १९०८च्या ओळीत कांस्यपदकापुढे वाल्ट्स आणि गेडझिक अशी दोन्ही नावे द्यावीत. गुण द्यायचेच असतील तर त्याच ओळीत द्यावेत, पुढच्या वर्षांच्या गुणांना लावून नकोत. बोर्डाच्या रकान्यात १ मीटर आणि ३ मीटर असे दोन्ही लिहावे. १९०६च्या अथेन्सचा निकाल घेतलात तर तो वेगळ्या रंगात घ्यावा, कारण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती त्या स्पर्धेला अधिकृत ऑलिंपिक मानत नाही. आणि तारखांसाठी जागा उरली तर १९ जुलै १९०८ ही तारीख घालावी : स्प्रिंगबोर्डची स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनच्या मँचेस्टर हॉटेलमध्ये आठ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जलक्रीडांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे फिना, स्थापन केली. डायव्हिंगचे नियम सर्व देशांसाठी एकच असावेत ही जबाबदारी तेव्हापासून तिच्याकडे आली.